हळू बोलणाऱ्यांसाठीचा ॲम्प्लिफायर

यांचं मिरजेला ऑपरेशन झालं, त्यात घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. आत नेताना हे माझ्याशी काहीतरी बोलतील म्हणून मी स्ट्रेचरला धरून चालत होते. "चष्मा पिशवीत ठेव," एवढंच म्हणाले. ते शेवटचं.

हे सैन्यात सिग्नलमध्ये होते. निवृत्तीनंतर आम्ही साताऱ्यात घर बांधलं. हौशी रेडिओचा परवाना यांच्याकडे होता, आंब्यापासून टाकीपर्यंत एरियलची तार ताणलेली. सकाळचा चहा झाला की रेडिओवर सांगलीच्या मित्राशी गप्पा. दोघं एकाच युनिटमधले. मित्राचं आता कुपवाडला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. मी मिरजेच्या दवाखान्यात होते तेवढे दिवस माझा डबा त्यांच्याच घरून यायचा.

आवाज गेल्यावर यांनी मोर्स धरला, तारेसारखी टिकटिकीची भाषा. छोट्या सेटमागे जोडायला, दूरवर पोचेल असा ॲम्प्लिफायर स्वतःच बांधला. मित्र तोंडानं बोलायचे, हे टिकटिक करून उत्तर द्यायचे. मला ती टिकटिक कळायची नाही. घरात दिवसभर तेवढाच आवाज.

एकदा मित्र घरी आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, तुमीच का बोलत न्हाई? परीक्षा द्या. खालच्या परवान्याला मोर्स लागत न्हाई."

मी हसण्यावारी नेलं. यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी पुस्तक काढलं आणि मुलांची जुनी पाटी घेऊन मला शिकवायला बसले. दुसऱ्या खेपेला मी पास झाले.

पण बोलायला लागले तर सांगलीहून उत्तर आलं, "वहिनी, आवाज फाटतोय. वाक्याची सुरुवात येती, शेवट गायब. जोरात बोला."

मी मुळातच हळू बोलणारी. लग्नानंतर यांनी मला कितीदा म्हटलं असेल, की तुझं बोलणं ऐकावं लागत नाही, वाचावं लागतं. जोरात बोलले तर शब्दांऐवजी खरखरच जायची.

यांनी पाटीवर लिहिलं, "तुझी चूक नाही. मोर्सला चालू नाहीतर बंद, एवढंच लागतं. बोलण्यात चढउतार असतो. हा ॲम्प्लिफायर हळू आवाज गिळतो."

मग दुपारी व्हरांड्यात काम सुरू झालं. यांनी पेटी उघडली. आतल्या दोन ट्रान्झिस्टरना कोणी बोलत नसतानाही थोडा करंट मिळत राहील, अशी जोडणी केली. म्हणजे बारीकसा आवाज आला तरी ते आधीच जागे असतील. तो करंट बेतानं वाढवायला एक इवलासा स्क्रू होता. हे फिरवायचे, मी मीटरवरचा आकडा मोठ्यानं वाचायची. पहिल्या दिवशी स्क्रू जरा जास्त फिरला आणि एक ट्रान्झिस्टर जळाला. यांनी माझ्याकडे बघून खांदे उडवले. नवीन पुण्याहून मागवला. आता पेटी नुसती चालू ठेवली तरी तापायची, म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा पंखाही बसवला.

चाचणीला तार काढून तिच्या जागी पेटीला एक मोठा रेझिस्टर जोडला, म्हणजे आवाज घराबाहेर जाणार नाही. मी आतल्या खोलीत माइकसमोर, हे बाहेर दुसरा रेडिओ आणि हेडफोन घेऊन. काय बोलायचं ते सुचेना. कांदे संपलेत, दळण आणायचंय, धाकटीच्या पोराला दात येतायत, असं काहीबाही बोलत राहिले. बराच वेळ झाला तरी हे थांब म्हणेनात, म्हणून उठून बाहेर आले. "आवं, झालं का?"

हे डोळे मिटून बसले होते. पाटी माझ्याकडे सरकवली. लिहिलं होतं, "केव्हाच झालं. अजून बोल."

मी आत जाऊन पुन्हा बोलले. जे इतक्या वर्षांत बोलायचं राहिलं होतं, त्यातलंही थोडं.

दुसऱ्या दिवशी तार जोडली. मित्र म्हणाले, "वहिनी, लय स्वच्छ. समोर बसून बोलल्यागत. तो हाय का शेजारी?"

हे होते. पाटीवर लिहून त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "काय रं गड्या, जेवलास का?"

परक्या पुरुषाला मी रं कसं म्हणू? माइकचं बटण दाबण्याआधी मी म्हणून पाहिलं, "हे विचारतायत, तुमचं जेवण झालं का."

यांनी नाही अशी मान हलवली आणि त्याच शब्दांवर बोट ठेवलं. मी बटण दाबलं आणि होतं तसं वाचलं. "काय रं गड्या, जेवलास का?"

पलीकडून मित्रांचा आवाज आला. "न्हाई अजून. परत म्हणा की वहिनी."

मी परत म्हटलं.

आता रोज सकाळी हे लिहितात, मी वाचते. कधीकधी मित्र यांना चिडवतात, आणि हे हसतात. हसताना खांदे पूर्वीसारखेच हलतात, नुसता श्वास ऐकू येतो.

बाजारातून आले की मी अजून फाटकाशी जरा थांबते. आतून "आलीस का" असं यायचं. आता हे फाटकाची कडी ऐकून उठतात, दारात येतात आणि माझ्या हातातली पिशवी घेतात. तेवढ्यात मी चपला काढते.