पडीक विहीर

पिंप्राळ्याहून आमच्या गावाला आता पाऊण तासात पोचते मी. लोक म्हणतात, काय रस्ता झालाय! झालाय खरा. पण आमचा फाटा आला की मी मुद्दाम दुसऱ्या खिडकीतून बघते.

हा रस्ता काही आजचा नाही. सुरतेचा माल बऱ्हाणपूरला जायचा तो याच वाटेने, बैलांच्या पाठीवरून. त्या तांड्यांसाठी फाट्याशी बारव बांधलेली होती. पायऱ्या अशा रुंद की जनावर थेट पाण्यापर्यंत उतरावं. आमचे आबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, दर अमावस्येला औताला सुट्टी असली की खराटा घेऊन त्या पायऱ्या झाडायचे. गावात नळ येऊन जमाना झाला होता. कोणासाठी झाडता, असं विचारलं तर म्हणायचे, वाटसरूचं पाणी आहे, आपण कोण विचारणारे?

मग रस्ता चौपदरी करायची मोजणी आली. फाट्याशी शेत आबांचं, म्हणून तिथे कडेला काय काय आहे ते त्यांनी लिहून द्यायचं होतं. आबांना अक्षर येत नव्हतं आणि मी शाळेत मराठी शिकवणारी, नेमकी सुट्टीला आलेली. बारव लिही, असं त्यांनी मला दोनदा बजावलं, पायऱ्या किती तेही सांगितलं. आणि मी काय केलं? अकलेचे तारे तोडले! छापील कागदावर झाड, घर, विहीर एवढेच रकाने होते. मी विहिरीच्या रकान्यात खूण केली आणि वापर विचारला होता तिथे लिहिलं, 'पडीक'. जेवायची घाई होती मला. पुतणीने लिहिलंय म्हटल्यावर आबांनी निमूट अंगठा उठवला.

पडीक विहीर बुजवायला कोण कोणाला विचारतो? एका दुपारी मुरमाचे डंपर येऊन उभे राहिले. आबा आडवे गेले, तेव्हा तिथल्या साहेबाने त्यांना त्यांचाच अंगठा दाखवला आणि वरचे शब्द मोठ्याने वाचले. संध्याकाळपर्यंत जमीन सपाट झाली.

कळल्यावर मी धावत गेले, पाया पडले, रडले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आबा एवढंच म्हणाले, "माले लिव्हता येत नही, म्हनीसन तुले सांगं व्हतं, माय."

त्यानंतर पाच वर्षं जगले ते. साधा अर्जसुद्धा त्यांनी माझ्याकडून पुन्हा लिहून घेतला नाही.