खलीफा जहूरची तात

खलीफा जहूर आणि मी मरे ब्रिजच्या मांसाच्या कारखान्यात आठ वर्षं एकाच टेबलाशी उभे राहिलो. मेंढरांची आतडी सोडवायची, धुवायची, हे आमचं काम. नवे लोक वासाला कंटाळून आठवड्यात दुसरीकडे बदली मागायचे. खलीफाला मात्र तो वास घरचाच होता. काबूलच्या खराबात गल्लीत, जिथे दर दुसऱ्या घरात गाणारे-वाजवणारे राहायचे, तिथे त्याच्या घराण्यात तीन पिढ्या तात वळायचं काम चाललं. मेंढीचं आतडं खरवडायचं, पिळायचं, वाळवायचं आणि त्याची रबाबाला तार करायची. चांगल्या कारागिराला काबूलकर खलीफा म्हणतात. तेवढी एक पदवी त्याच्याबरोबर ऑस्ट्रेलियापर्यंत आली होती.

बायको त्याची क्वेट्ट्यात वारली, मुलगे जर्मनीत. मी काबूलपासून दूर डोंगरातल्या जागोरीचा, नाव बरात, माझीही माणसं लांब. म्हणून आम्ही दोघं एका भाड्याच्या घरात राहायचो. एकच गोष्ट मला कळायची नाही. लग्नात गाणं सुरू झालं की हा माणूस उठून गाडीत जाऊन बसायचा. त्याचा पुलाव मी गाडीत नेऊन द्यायचो. लोक म्हणायचे, फार धार्मिक आहे. मी म्हणायचो, "धार्मिक कसला! नमाजाला मी ढकलल्याशिवाय उठत नाही."

एका रविवारी दुपारी दोन बायका दारात आल्या. एक आपली पोरगी, बावीस-तेवीस वर्षांची, खांद्यावर रबाब. दुसरी उंच, पिकल्या केसांची ऑस्ट्रेलियन बाई, फिलिपा. तिचा अ‍ॅडलेडमध्ये वादकांचा मेळ होता. युरोपातलं तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत ते लोक त्या काळच्याच वाद्यांवर वाजवायचे. आता हा मेळ आणि ही पोरगी, शुकूफा, मिळून एक मैफल करणार होते. काबूलच्या जुन्या चिजा आणि त्यांचं जुनं संगीत, एकत्र.

मी चहा ठेवला. शुकूफा म्हणाली, "काका जान, यांच्या वाद्यांना सगळी तात आहे. माझ्या रबाबाला नायलॉन. शेजारी बसून वाजवते, तेव्हा वाटतं दुखवट्याच्या घरात कुणी मोठ्याने बोलतंय. त्यात यांचा षड्ज खालचा. तिथे उतरवलं की नायलॉन ढिलं पडतं. तुम्ही तात वळून द्याल का?"

"माझे हात गेले, पोरी," खलीफा म्हणाला. "कारखान्याच्या गारठ्याने बोटांना काही कळत नाही. इटलीहून मागवा."

"इटलीवाल्यांना रबाब ठाऊक नाही." मग ती जरा थांबली. "माझे वडील तुमच्या तातीचं नाव काढायचे. तुराब. बाग-ए-अली मर्दानचे तुराब. त्यांचा रबाब तुमच्याकडे होता."

खलीफाने पेला खाली ठेवला. तिच्याकडे नीट बघून तो म्हणाला, "दोन महिने लागतील."

कारखान्याच्या साहेबाने नुसत्या सहीवर कोकरांची आतडी न्यायची परवानगी दिली. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोपटात खलीफाने दुकान मांडलं. आतडं राखेच्या पाण्यात भिजवायचं, बोरूच्या कडेने चरबी खरवडायची, रोज पाणी बदलायचं. मग ओल्या दोऱ्या एकत्र धरून पीळ द्यायचा आणि चौकटीवर ताणून वाळवायचं. मी दुसरं टोक धरायचो.

"हळू! गाढव बांधतोयस का?"

"खलीफा, आमच्या जागोरीत आतडं खातात, वाजवत नाहीत."

"म्हणून तर तुमची गाणी तशी आहेत," तो म्हणाला. आठ वर्षांत पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं.

पहिल्या तीस-एक ताती वाया गेल्या. कुठे जाड, कुठे बारीक. बोटांना कळत नव्हतं, म्हणून तो तात ओठांतून ओढून बघायचा. हळूहळू जमू लागलं. एकदा पीळ देता देता तो गुणगुणायला लागला. मी बघतोय हे लक्षात आल्यावर गप्प झाला.

तात न्यायला त्या दोघी आल्या तेव्हा थंडी पडली होती. खलीफाने स्वतःच्या हाताने वरच्या तीन तारा चढवल्या. शुकूफाने सूर लावला आणि दोन-चार आघात केले. आवाज जाडसर होता, थोडा घोगरा, जवळून कुणी बोलावं तसा. फिलिपा आपलं व्हायोल घेऊन बसली. हे वाद्य गुडघ्यांत धरून गजाने वाजवतात. तिने चार स्वर वरून खाली उतरवले, पुन्हा तेच चार, पुन्हा तेच. त्या उतरणीवर शुकूफाने आमची बैरमी, म्हणजे तुमची भैरवी, सुरू केली. दोन वाद्यं आहेत हे आता जाणवत नव्हतं.

संपल्यावर शुकूफाचे डोळे भरून आले होते. "बाबा शेवटपर्यंत म्हणायचे," ती म्हणाली, "खलीफाने माझ्या रबाबासाठी मार खाल्ला असेल, पण सुखासुखी दिला नसेल. पेशावरला दर शुक्रवारी तुमच्यासाठी दुआ मागायचे."

खलीफा खाली बघत होता. "मी जाळला," तो म्हणाला.

"काय?"

"तुझ्या वडिलांचा रबाब. कुणी आलं नव्हतं, कुणी हिसकावला नव्हता. गाणं-वाजवणं हराम म्हणणारे ते लोक काबूलमध्ये शिरले तेव्हा शहर सोडणाऱ्यांनी सात रबाब माझ्याकडे अमानत म्हणून, सांभाळायला ठेवले होते. घरोघर झडत्या सुरू झाल्या. मागच्या गल्लीत एकाला त्याचंच वाद्य गळ्यात बांधून मारलं. माझी तीन मुलं घरात. एका दुपारी मी तंदूर पेटवला, धूर रोटीचा वाटावा म्हणून. सातही जाळले."

शुकूफाने विचारलं, "पुरता आले नसते?"

"आले असते. दोघा-तिघांनी पुरले होते. मला धीर झाला नाही."

फिलिपाला भाषा कळत नव्हती, ती माझ्याकडे बघत होती.

"जाळण्याआधी तारा काढल्या होत्या?" शुकूफा म्हणाली.

"कापल्या. तापल्या की तुटताना वाजतात. गल्लीत ऐकू गेलं असतं."

शुकूफाने रबाब पिशवीत घातला. चेन दोनदा अडकली. जाताना दारात म्हणाली, "आपला रबाब कुठेतरी आहे, या आशेवर ते तेरा वर्षं जगले, काका." जान म्हणाली नाही. खलीफाला ते लागलं असणार, मलाही लागलं.

मैफिलीची दोन तिकिटं फिलिपाने टपालाने पाठवली. मला वाटलं हा येणार नाही. पण त्याने इस्त्रीचा सदरा काढला आणि गाडी चालवायला मला बसवलं. मैफल एका चर्चमध्ये होती. आपली बरीच माणसं आली होती, पुढच्या रांगांत बायका आणि मुलंबाळं. खलीफा मागच्या खांबाशी बसला.

त्यांचं संगीत मला आधी परकं वाटलं. हार्पसिकॉर्ड नावाच्या पेटीतून पाऊस पडल्यासारखे बारीक सूर, त्यावर दोन व्हायोलिनं. मग त्या चार स्वरांची उतरण सुरू झाली आणि शुकूफाचा रबाब आत आला. ती सावकाश वाजवत होती. तिने एक सूर लांबवला की व्हायोल तो उचलायचं, व्हायोल खाली उतरलं की रबाब पुन्हा वर चढायचा, आणि खाली ते चार स्वर चालूच. आमच्या पुढची एक म्हातारी तोंडावर ओढणीचं टोक धरून रडत होती. माझ्या शेजारी खलीफाची बोटं मांडीवर पीळ देत होती. त्याला ते कळत नसावं. एक तात जरा उतरली, तेव्हा तो दचकला. शुकूफाने वाजवता वाजवता खुंटी पिळून ती जागेवर आणली.

टाळ्या थांबेनात. नंतर लोक तिच्याभोवती जमले. फिलिपा आमच्यापाशी आली, खलीफाचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी म्हणाली. शुकूफाने मान वर केली, आम्हाला पाहिलं, आणि समोरच्या बाईशी पुन्हा बोलू लागली.

"जाऊया," खलीफा म्हणाला.

पुढे तीन वर्षं दर चार-सहा महिन्यांनी तातीची मागणी यायची. टपालाने, फिलिपाच्या अक्षरात. किती जाड, किती लांब, बस. खलीफा पाकीट उलटसुलट करून बघायचा, कागदाच्या मागची बाजूही बघायचा. त्याच्या मनगटाचं ऑपरेशन झालं, कारखाना सुटला, तरी खोपट सुटलं नाही. तारा तो माझ्याकडून वळवून घ्यायचा, शिव्या देत.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी फोन वाजला. नंबर दिसत नव्हता. मी घेतला. "काका आहेत?" आवाज शुकूफाचा होता. मी स्पीकर लावून फोन त्याच्या हातात दिला.

"तो रबाब कसा होता ते सांगा," ती म्हणाली. "मी सव्वा वर्षाची होते. मला आठवत नाही."

खलीफा खाली जमिनीवर बसला. तासभर बोलला. तुतीचं लाकूड, लालसर. गळ्यावर शिंपल्याची नक्षी, दोन पक्षी, त्यातल्या एकाची चोच उडालेली. कातडं बकरीचं, डाव्या बाजूला डाग. आवाज खालच्या पट्टीत जास्त खुलायचा. ती मध्येच विचारायची, "पक्षी कुठे बघत होते?" तो सांगायचा.

शेवटी ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

"माफ केलं असेल का रे तिने?"

"तसं काही म्हणाली नाही, खलीफा."

"मी विचारायला हवं होतं का?"

"नको होतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना तो एकदम थांबला. एक गोष्ट सांगायची राहिली होती. वाद्य ठेवायला आला तेव्हा तुराबने हसत हसत एक खुंटी दाखवली होती. तिच्यावर बारीक खुणा होत्या. लेकीला दात येत होते आणि ती सारखी तीच चावायची. उलटा फोन लावायला नंबर नव्हता. खलीफाला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं तसं मी कागदावर लिहिलं आणि पाठवायच्या तातींच्या पाकिटात घातलं.

दोन महिन्यांनी मागणी आली. या खेपेला अक्षर तिचं होतं, आपल्या लिपीत. तीन तारा, जाडी, लांबी. खाली काही नव्हतं. खलीफाने कागद दोनदा माझ्याकडून वाचून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "राख भिजव."