ताट वाजवून केलेली तपासणी

मूल ऐकतंय की नाही, हे बघायची आमची रीत सोपी होती. मूल आईच्या मांडीवर बसवायचं, आपण मागे जायचं आणि स्टीलच्या ताटावर चमचा हाणायचा. मूल वळलं की झालं. ही रीत मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवली नव्हती. अंगणवाडीत माझ्या आधी असलेल्या बाई करायच्या, म्हणून मीही करायचे. तिच्याबद्दल मला कधी शंका आली नाही, कारण मला माझ्या कुठल्याच गोष्टीबद्दल सहसा शंका येत नाही. घरचे म्हणतात, हाच माझा खरा आजार.

कळंब्याकडच्या आमच्या वस्तीतली एक सून दीड वर्षाच्या मुलीला कडेवर घेऊन आली. घरी चार म्हशी, त्यामुळे सकाळची धारेची गडबड उरकून धावतपळत आलेली.

"बाई, हाक मारली तर बघत न्हाय वो ही."

सोबत नवरा होता. तो हसला. "हलगी वाजाय लागली की नाचत्या की! ऐकू येत न्हाय कसं?"

मी ताट वाजवलं. पोरगी गर्रकन वळली. वर त्या आईलाच मी झापलं, "कान ठणठणीत हाईत पोरीचं. मोबाईल ठेव बाजूला आन् बोलत जा तिच्याशी." ती मान खाली घालून निघून गेली.

तीन वर्षांची झाल्यावर मुलगी माझ्याच अंगणवाडीत आली. बोलायची नाही, पण हुशार. सगळी पोरं उठली की उठायची, बसली की बसायची, नेहमी क्षणभर मागे. मला वाटायचं, हट्टी आहे. ऐकत नाही म्हणून मी तिला दोनदा भिंतीकडे तोंड करून बसवलं.

एका सकाळी मदतनीस उपम्याला फोडणी देत होती आणि मिरचीच्या धुराचा खाट उठला. मी पदर तोंडाला लावला आणि ओरडले, "चला, ताटं घ्या!" सगळी पळाली. ती तिथंच बसून राहिली आणि माझ्या पदराकडे बघत राहिली. मी पदर काढून तेच पुन्हा म्हटलं, तशी ती उठली. मी त्याच दुपारी तिच्या घरी गेले आणि तिच्या आईला म्हटलं, हिला शहरात दाखवूया.

शहरातल्या दवाखान्यात कान तपासणाऱ्या बाई वयानं माझ्या लेकीएवढ्या होत्या. त्यांनी आम्हाला जाड भिंतींच्या एका बंद खोलीत बसवलं आणि मुलीला खेळ शिकवला : आवाज आला की डब्यात एक ठोकळा टाकायचा. आवाज खोलीतल्या स्पीकरमधून येत होते. जाड, घुमणारे आवाज मोठे केले की ती लगेच ठोकळा टाकायची. मग बारीक, चिरके आवाज सुरू झाले. आम्हाला दोघींना ते स्वच्छ ऐकू येत होते. मुलगी ठोकळा गालाशी धरून, अगदी शहाण्यासारखी, वाट बघत बसली होती. पुन्हा आवाज आला. पुन्हा आला. तिच्या आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

नंतर त्या बाईंनी समजावलं. ऐकू येणं हे दिव्यासारखं नसतं, एक तर चालू नाही तर बंद. हिला हलगी ऐकू येते, दार आपटलेलं कळतं. पण बोलणं त्यापेक्षा कितीतरी हळू असतं, आणि त्यातले स, श, फ असले बारीक आवाज तर तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. राहिलेलं ती तोंडाकडे बघून जुळवते. भाषा येण्याची सगळ्यात मोलाची वर्षं पहिली तीन-चारच असतात, म्हणून जितक्या लवकर कळेल तितकं बरं.

"आधी कुणाला दाखवलं होतं का?" त्यांनी विचारलं.

आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "न्हाय," म्हणाली.

आणि मी, जी गावभर तोंड चालवते, ती गप्प बसले.

दोन्ही कानांना यंत्रं आली. चष्मा लावला की दिसतं, तसं यंत्र लावलं की बोलता येतं, असं मला वाटलेलं. तसं नव्हतं. पहिले काही दिवस ती यंत्रं ओढून काढायची आणि रडायची. कान वाढेल तसा यंत्राचा कानात बसणारा साचा बदलावा लागतो, नाहीतर शिट्टी वाजते. मी रोज सकाळी सेल तपासते, तिच्यासमोर हातभर अंतरावर, उजेडाकडे तोंड करून बसते आणि ओरडत नाही. आमच्या पत्र्याच्या खोलीत पोरांचा कालवा, भांड्यांचा खणखणाट. यंत्र तेही सगळं मोठं करून तिच्या कानात ओततं. म्हणून मी ताटांखाली जुनी सतरंजी घातली आणि भांड्यांच्या आवाजावरून मदतनीस बाईशी दोनदा भांडले.

आता ती साडेपाच वर्षांची आहे. तीन-तीन शब्दांची वाक्यं बोलते. आम्हाला कळतात, परक्याला कळत नाहीत. येत्या जूनमध्ये पहिली.

परवा पोरं गेल्यावर तिची आई दारात थांबली. "बाई, पयलीत टिकंल न्हवं ही? बाकीच्या पोरांगत बोलंल न्हवं?"

होय म्हणणं जिभेवर आलं होतं. आयुष्यभर तेच म्हणत आले. मी म्हटलं, "मला म्हाईत न्हाय गं."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"मग तवा कसं म्हाईत हुतं, बाई?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते, ते मला जमतं.