साखळी थांबली पाहिजे

आमच्या घरात पेट्रोलवर चालणारी करवत आली तेव्हा मी फक्त जेवण सोडलं नाही. बाकी सगळं केलं. अबोला धरला, मुलीला फोन करून तक्रार केली, मशीनचा खोका जिन्याखाली जुन्या मिक्सरच्या मागे दडवून ठेवला. आमचे हे एका मोठ्या कारखान्याच्या मेंटेनन्समधून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्यावर इतर पुरुष बागेत फिरायला जातात, नाहीतर खंडेराव मार्केटात भाजीवाल्यांशी हुज्जत घालतात. यांनी झाड कापायचं मशीन आणलं.

कारण होता कडुनिंब. आमच्या मागच्या अंगणातलं हे झाड वाढत वाढत गच्चीवर झुकलं होतं. बडोद्यात उतराणच्या, म्हणजे संक्रांतीच्या आधी गल्लोगल्ली फांद्या तोडायचं काम निघतं, कारण फांद्या राहिल्या की सगळ्यांचे पतंग त्यात अडकतात आणि शेजारपाजारचे तोंडं वाकडी करतात. त्या दिवसांत तोडणारा माणूस काही केल्या हाती लागत नाही. दर वर्षी त्याच्या मागे फिरून हे वैतागले आणि एक दिवस यांनी जाहीर केलं की आता आपण कोणाच्या मिनतवाऱ्या करायच्या नाहीत.

मी भित्री आहे. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. मला कुकरच्या शिट्टीची भीती वाटते, लिफ्टची वाटते, स्कूटरवर मागे बसले की पुढच्या प्रत्येक वळणाची वाटते. पण करवतीची भीती फार आधीपासूनची. माझं माहेर घडियाळी पोळीतलं, म्हणजे जुन्या शहरातल्या एका अरुंद गल्लीतलं. समोरच्या घरात एक सुतार राहायचे, त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. सत्यनारायणाचा प्रसाद ते त्याच हाताने द्यायचे. मी ओंजळ पुढे करून डोळे मिटून घ्यायची आणि प्रसाद हातात पडला की पळ काढायची.

त्यांची करवत निदान एका बाकाला घट्ट बसवलेली होती. हे मशीन तर माणसाच्या दोन हातांत तरंगत होतं, आणि तो माणूस माझा होता. पहिल्या दिवशी अंगणात यांनी ते नुसतंच चालवून दाखवलं. साखळीचे दात दिसेनासे झाले, पात्याच्या कडेने एक करडी रेघ तेवढी पळत राहिली. मला जगात दुसरं काही नको होतं. काम करून हे गच्चीवरून खाली येतील तेव्हा तोंड, मान, हात सगळं जागच्या जागी असलं पाहिजे, एवढंच.

माझी समजूत काढायला म्हणून यांनी मला ब्रेक समजावून सांगितला. सगळ्यांत वाईट काय होऊ शकतं तेही यांनीच सांगितलं. पात्याच्या टोकाची वरची बाजू भलत्याच फांदीला टेकली की आख्खं मशीन उसळून धरणाऱ्याच्या तोंडावर येतं. किती वेळात, असं मी विचारलं. "तुला 'अगं बाई' म्हणायलासुद्धा वेळ मिळणार नाही," हे म्हणाले. यांना वाटलं, मला आता धीर आला असेल.

मग यांनी पुढच्या मुठीसमोरची आडवी ढाल दाखवली. हे तिला गार्ड म्हणतात. मशीन उसळलं की मुठीवरचा हात त्या गार्डवर आदळतो, गार्ड पुढे ढकललं जातं आणि आतमध्ये एक लोखंडी पट्टा साखळी फिरवणाऱ्या ड्रमला करकचून आवळतो. साखळी जागच्या जागी थांबते. हात आदळला नाही तर, असं मी विचारलं. तर नुसत्या हिसक्यानेही गार्ड पुढे पडतं. पट्टा गंजला तर? झिजला तर? आत काही अडकलं तर? हे वैतागले आणि म्हणाले की म्हणून तर वापरायच्या आधी ब्रेक तपासायचा असतो. झालं, मी ते वाक्य धरून बसले. तपासायचा असेल तर माझ्यासमोर तपासायचा. मी साखळी थांबलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक काडीसुद्धा कापायची नाही.

तेव्हापासून आमच्याकडे तो विधीच होऊन बसला. हे मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय रोवून दोरी खेचायचे. मशीन सुरू झालं की उचलायचे, थोडं रेस करायचे आणि डाव्या मनगटाने गार्ड पुढे ढकलायचे. खट् आवाज व्हायचा. इंजिन घुरघुरत राहायचं आणि साखळी थांबलेली असायची. मी मान हलवली की मग काम सुरू. घरी कोणी आलं की हे माझी ओळख आमच्या सेफ्टी ऑफिसर अशी करून देत. मी ऐकून घेई. साखळी थांबतेय ना, मग लोक हसले तर हसले.

या वर्षी उतराणच्या तोंडावरच यांना ताप भरला. फांद्या तोडायच्या राहून गेल्या. उतराण झाली, दुसऱ्या दिवशीची वासी उतराण झाली आणि सगळ्या गल्लीचे पतंग आमच्या कडुनिंबात येऊन अडकले. फाटलेले कागद, काड्या आणि दोरी, म्हणजे मांजा. गुलाबी, हिरवी, पिवळी दोरी फांद्यांना इतकी गुंडाळली गेली होती की पाहवत नव्हतं. एका सकाळी तिच्यात एक कबुतर पंख अडकून लटकलेलं दिसलं, त्याला आम्ही कात्रीने सोडवलं. मग हे म्हणाले की आता थांबण्यात अर्थ नाही.

रविवारी सकाळी आम्ही गच्चीवर गेलो. यांनी हेल्मेट घातलं, जाड हातमोजे घातले. विधी झाला. गार्ड पुढे, खट्, साखळी थांबली. मी मान हलवली. सुरू करण्याआधी मी म्हटलं की ही दोरी आधी काढून घेऊ. आम्ही बांबूने ओढून मोठाली गुंतवळं काढलीसुद्धा, पण काच लावलेली नायलॉनची दोरी ती, फांदीच्या सालीत रुतून बसलेली. हातमोजा कापला गेला तसे हे म्हणाले, "साखळी लाकूड कापते, दोरीचं काय घेऊन बसलीस?" मला ते पटलं. उतराणच्या आधी तोडायच्या फांद्या उतराणनंतर तोडल्या तर काय फरक पडतो, हे मलाही सुचलं नाही.

गच्चीच्या कठड्याच्या आत उभं राहून हे बाहेर आलेल्या फांद्या कापत होते. मी पाण्याच्या टाकीपाशी उभी होते. एकेक फांदी खाली अंगणात पडे आणि प्रत्येक फांदीबरोबर मी श्वास सोडी. मधूनच दोरी साखळीत ओढली जाई, तेव्हा हे मशीन बंद करून पक्कडीने बाहेर लोंबणारं टोक ओढून काढत आणि पुन्हा सुरू करत. पलीकडच्या गच्चीवर शेजारच्या बेन पापड वाळत घालत होत्या. माझं तोंड पाहून त्यांना कीव आली असावी. "भाभी, तमे नीचे जाव ने. भाई करी लेशे," असं त्या दोनदा म्हणाल्या. मलाही खाली जायचं होतं. भाताचा कुकर लावायचा होता. पण मी खाली गेले आणि वर काही झालं, तर ते मला फक्त आवाजावरून कळेल, या विचाराने माझा पाय हलेना.

शेवटची फांदी राहिली होती. चांगली मांडीएवढी, कठड्याला टेकून वाकलेली, यांच्या तोंडाच्या उंचीवर. तिच्यामागे दुसरी एक फांदी आडवी गेलेली होती. हे पातं तिच्याजवळ नेणार तेवढ्यात मला वास आला. पेट्रोलचा नाही. प्लास्टिकची पिशवी गरम तव्याला चिकटल्यावर येतो तसा वास.

मी ओरडले. यांनी मशीन खाली घेतलं, पण बंद केलं नाही. मी म्हटलं, पुन्हा ब्रेक दाखवा. हे चिडले. सकाळी दाखवला, एकच फांदी राहिली, हात दुखायला लागलेत, आणि तुझं काय मधेच? मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. वास येतोय एवढंच मला सांगता येत होतं, त्याचा ब्रेकशी काय संबंध ते माझं मलाही ठाऊक नव्हतं.

"अहो, एकदा. माझ्यासाठी."

यांनी माझ्याकडे न बघताच रेस केलं आणि मनगटाने गार्ड पुढे ढकललं. खट् आवाज झाला. साखळी फिरतच राहिली.

यांनी गार्ड मागे ओढलं आणि पुन्हा ढकललं. खट्. करडी रेघ तशीच पळत होती. पलीकडून बेन काहीतरी विचारत होत्या, मला एक अक्षर कळलं नाही. मग यांनी बटण दाबलं आणि गच्चीवर एकदम शांतता झाली.

हे पालथ्या बादलीवर बसले आणि पाना घेऊन मशीनच्या बाजूचं झाकण उघडायला लागले. पाना नटवर बसेना. शेवटी पाना मी धरला आणि यांनी फिरवला. आत ड्रमभोवती दोरी गुंडाळली गेली होती, पदरावर पदर, आणि घासून घासून वितळून तिचा गुलाबी चकचकीत थर झाला होता. पट्टा आवळत होता, पण त्या थरावरून नुसताच घसरत होता. प्रत्येक फांदीबरोबर थोडी थोडी दोरी आत गेली असणार. सकाळी आम्ही दोघांनी पाहिलेला ब्रेक खरा होता. तो केव्हा गेला, कुठल्या फांदीपासून हे बिनब्रेकचं मशीन तोंडासमोर धरून उभे होते, ते कळायला काही मार्ग नव्हता. मी त्या आडव्या फांदीकडे पाहिलं आणि कठडा धरून खाली बसले.

मग यांनी हातमोजे काढले आणि म्हणाले, "मला या मशीनची पहिल्या दिवसापासून भीती वाटते."

मला वाटलं, हे माझी थट्टा करताहेत. तोंडाकडे पाहिलं तर तसं नव्हतं. मग आणलंत कशाला, असं मी विचारलं. हे म्हणाले की आणल्यावर भीती वाटायला लागली, आणि तोवर तू एवढी घाबरली होतीस की मीही घाबरलोय असं म्हणालो असतो तर घरात कसं व्हायचं. तू समोर उभी राहून ब्रेक बघायचीस, त्याच्या जोरावर मी हात चालवत होतो. हे सगळं यांनी वितळलेली दोरी स्क्रूड्रायव्हरने खरवडता खरवडता सांगितलं, जसं कोणी बाजारातून काय आणायचं ते सांगतं.

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मला वेगळंच काही आठवलं. एका पावसाळ्यात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं होतं. दिवे गेलेले, पाणी जिन्याच्या पायऱ्या चढतंय, आणि पलीकडच्या गल्लीत मगर दिसल्याची बातमी तोंडातोंडी पसरलेली. मी वरच्या खोलीत देवाचं नाव घेत बसले होते. हे टॉर्च घेऊन जिन्यात बसले आणि मला म्हणाले की पाणी इथवर येत नाही, मगर तर नाहीच नाही, तू खुशाल झोप. आणि मी झोपले होते. एवढ्या पाण्यात आणि अंधारात मला गाढ झोप लागली होती.

"आणि ते पुराच्या वेळी?" मी विचारलं.

"तेव्हाही," हे म्हणाले. "पाणी येणार नाही हे मला काय माहीत?"

यांनी खरवडणं थांबवलं नाही. मी यांच्या शेजारी फरशीवर बसून राहिले. ऊन चढत होतं, कुकर लावायचा राहिला होता. आयुष्यभर मी एका न घाबरणाऱ्या माणसाच्या भरवशावर हवं तेवढं घाबरून घेतलं होतं. असा माणूस आमच्या घरात कधी नव्हताच, हे मला तेव्हा कळलं, आणि मग जी भीती वाटली ती कोणाला सांगायची तेच समजेना.