पट्टीवाल्या बाई

चामखीळ काढायला आलेल्या माणसाला पट्टी चिकटवून परत घरी पाठवणारी दुसरी डॉक्टर मी तरी पाहिली नाही. मुलुंड पूर्वेला केमिस्टच्या वरच्या मजल्यावर बाईंचा दवाखाना होता. तीळ, चामखिळी, डोळ्यांखालचे पांढरे दाणे, सगळं त्या विजेच्या सुईनं पाच मिनिटांत काढायच्या. आधी मात्र भिंगातून नीट बघायच्या. शंका आली तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात धाडायच्या. शंका नसली, की वर कातडीच्या रंगाची पट्टी. "आठवडाभर अशीच फीर. कोण विचारतं बघ, मग ये."

कशासाठी, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "काढलेलं परत चिकटवता येत नाही. कोणाचं काय जातंय ते आधी कळू दे ना."

आठवड्यानंतरचे वृत्तांत त्या चवीनं ऐकायच्या. एका काकांना घरात कुणीच काही विचारलं नाही, विचारलं ते फक्त कोळणीनं. "मग काढू या," बाई म्हणाल्या, "तुमच्या कोळणीला मी समजावते." काका हसले खरे, पण जिना उतरताना त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. बाई प्रेमळ होत्या की दुष्ट, हे मला त्या असेपर्यंत कळलं नाही आणि आता त्या गेल्यावरही कळत नाही. मला त्या फार आवडायच्या, एवढं नक्की.

माझ्या हनुवटीवर फुगीर तीळ. लग्न तोंडावर आलं होतं, फोटोत नको म्हणून मी बाईंकडे गेले आणि अर्थातच पट्टी लावून परत आले. आईनं दारातच विचारलं, "काय गं, लागलं कुठं?" वॉचमननं विचारलं. ऑफिसातल्या लोकांनी तर भंडावून सोडलं. निखिलनं, म्हणजे होणाऱ्या नवऱ्यानं, नाही विचारलं. पवईला तलावाकाठी समोरासमोर बसून आम्ही भेळ खाल्ली, तरी एक शब्द नाही. याला माझ्या तिळाचं काहीच वाटत नाही, म्हणजे चांगलंच की! का हा माझ्या तोंडाकडे बघतच नाही? सकाळी एक वाटायचं, संध्याकाळी दुसरं.

बाईंना सांगितलं, तर त्यांचा चेहरा एकदम कडक झाला. "तीळ राहू दे. लग्नाचंच परत बघ."

माझं डोकंच चालेना. हॉल ठरलेला, पत्रिका वाटलेल्या, आणि ही बाई एका पट्टीवरून लग्न मोडायला सांगतेय! तशीच निखिलच्या घरी गेले आणि दारातच विचारलं, "तुला माझी पट्टी दिसली नाही?"

"दिसली ना. पहिल्याच दिवशी."

"मग विचारलं का नाहीस?"

"अगं, तू झाकलं होतंस ना? म्हटलं, सांगायचं असेल तेव्हा सांगेल." मग म्हणाला, "तीळ काढलास की काय, असं वाटून वाईट वाटलं, यार."

दुसऱ्या दिवशी मी अगदी तोऱ्यात दवाखान्यात गेले आणि बाईंना हे सगळं ऐकवलं. त्यांच्या हातात भिंग होतं, ते त्यांनी टेबलावर ठेवलं.

"असंही असतं?" त्या म्हणाल्या. त्यांनी कानाखाली बोट नेलं. मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांनीही विचारलं नव्हतं. कानाखाली चामखीळ होती माझ्या. आठवडाभर पट्टी लावून त्यांच्यासमोर वावरले. काही बोलले नाहीत. ते जाईपर्यंत मी मनात धरून बसले."

त्या माझ्याकडे वळल्या.

"तू विचारलंस त्याला? तोंडावर?"

"हो."

बाई खुर्चीत बसल्या. "मी नाही गं विचारलं कधी."

बाहेर पेशंट ताटकळले होते. मी बाईंचा हात धरून बसून राहिले. माझ्या तिळाचं काय करायचं, हे त्या दिवशी दोघींनाही सांगता आलं नसतं.