थंडीतले किडे आणि दादाचं जॅकेट

उन्हाळ्यात आमच्या खोलीत सांगण्यासारखं काही घडत नाही. गारवा पडला की एसीच्या फटीतून चपटे, तपकिरी किडे आत येतात आणि त्यांच्या मागून किस्से. थंडी सरली की किडे जातात, किस्से मात्र राहतात!

खोली कुवेतमध्ये, शुवैखला, आम्ही काम करतो त्या गॅरेजच्या वर. मी आणि माझा थोरला भाऊ, दादा, साताऱ्याकडचे. पेंटर इस्माईलचाचा रत्नागिरीचे. सुनील नाशिकचा. आणि किडा असा, की चिरडला तर कोथिंबिरीसारखा उग्र वास सोडतो.

*

चाचांना किडा दिसला की चप्पल, फटाक! एकदा ते सुरमईचं कालवण करत होते. सुनील नाक वर करून आत आला. "वा चाचा! आज कोथिंबीर सढळ हातानं?"

चाचांची पळी थांबली. "कोथिंबीर? ती आणायला तर तुला पाठवलेला!"

त्या दिवशी आम्ही खुबूस, म्हणजे इथली रोटी, लोणच्याशी खाल्ला.

*

दादा मात्र किडा मारायचा नाही. चहाचा छोटा ग्लास पालथा घालायचा, खालून पत्ता सरकवायचा, नेहमी बदाम राजाच, आणि खिडकीतून सोडताना म्हणायचा, "परत येऊ नको रे बाबा!"

किडा संध्याकाळी परत हजर.

पुढे पुढे पत्ते खेळताना बदाम राजा कुणाकडे आहे, हे सगळ्यांना वासावरूनच कळायचं!

*

माझा हात आधी चालतो, डोकं मागून येतं. मी गॅरेजचा व्हॅक्यूम वर आणला आणि खोलीतले सगळे किडे ओढून घेतले. एकदम क्लीन! दुसऱ्या दिवशी त्याच व्हॅक्यूमनं एका कुवेतीची नवी गाडी साफ केली.

तो आत बसला आणि तसाच बाहेर आला. "शिनू हाझा?" हे काय आहे?

दादा हात पुसत पुढे झाला. "अरबाब, नया परफ्यूम. आज फ्री!"

*

यंदा दादा नाही. श्रावणात गॅरेजमध्येच छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही.

त्याचं जॅकेट खिळ्याला आहे. कॉलरला अजून ग्रीसचा आणि त्याच्या खोबरेलाचा वास येतो. सुनील म्हणाला, "लॉन्ड्रीत देऊ का?" मी त्याचीच कॉलर धरली. नंतर सॉरी म्हणालो.

परवा बघतो तर जॅकेटच्या कॉलरवर किडा! चाचांनी सवयीनं चप्पल उगारली.

"चाचा, नको!" मी ओरडलो. "तो फुटला तर दादाचा वास जाईल!"

चप्पल वरच राहिली. मग चाचांनी ती पायात घातली. फळीवरून पत्ते काढले, एकेक हुंगत बदाम राजा शोधला. दादाचा ग्लास घेतला. श्वास रोखून किडा उचलला आणि खिडकी उघडली. गार वारा आत आला.

"वाटला तर परत ये हां," चाचा किड्याला म्हणाले.