भावजींनी रंगवलेलं बोट

आमचे भावजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, कपड्यांच्या दुकानांत उभे असतात ते पुतळे रंगवतात. गाल, ओठ, नखं, सगळं अ‍ॅक्रिलिक रंगाने. उभा जन्म त्यातच गेल्यामुळे आपला रंग धरणार नाही अशी वस्तू जगात नाही, असा त्यांचा ठाम समज. मी त्यांच्याकडेच राहते; त्यांची ही फुशारकी सुरू झाली की उठून आत जाते.

ताई कापडाच्या दुकानात काउंटरवर असते. शटरमध्ये सापडून तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट गेलं. जखम भरल्यावर मालकाने सांगितलं, गिऱ्हाइकाला असला हात बघवत नाही. सुट्टीनंतर दुकान उघडेल तेव्हा बोट लावून या, नाहीतर मागे गोदामात बसा. गोदामात दिवसभर बोलायला कुणी नाही. ताईला चार माणसांशी बोलल्याशिवाय अन्न गोड लागत नाही.

भावजी म्हणाले, बोट मी करतो. पुतळ्याच्या साच्यात सिलिकॉन ओतून त्यांनी बोट काढलं आणि अ‍ॅक्रिलिकने रंगवलं. वाळल्यावर जरा वाकवलं, तर रंगाचा पापुद्रा सुटून लोंबायला लागला. मग पॉलिश पेपरने घासलं, खाली प्रायमर लावला, वरून वार्निश मारलं. एकदाही ताईच्या हातात घालण्यापर्यंत मजल गेली नाही. कातडीच्या रंगाची सालपटं घरभर झाली. एक माझ्या पाण्याच्या पेल्यात तरंगत होतं. मी तोंडातलं पाणी मोरीत थुंकले, आणि भावजी म्हणाले, हल्ली रंगच भेसळीचे येतात. नाचता येईना, अंगण वाकडं!

सिलिकॉन विकणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, याला दुसरं काही चिकटत नाही; पातळ केलेल्या सिलिकॉनमध्येच रंगाची पूड कालवा आणि तेच वरून लावा. पण पालथ्या घड्यावर पाणी. मला त्या सालपटांची किळस यायची, आणि भावजींची त्याहून जास्त. कारण ताईने डाव्या हाताने चहा पुढे केला की ते कप घेत नसत, नजर भिंतीकडे वळवून “खाली ठेव” म्हणत. ताई खाली ठेवायची.

दुकान सुट्टीनंतर उघडायला एकच दिवस उरला, तेव्हा कुठे भावजींनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून विक्रेत्याचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बोट साबणाने घासलं, नखाने खरवडलं. रंग जागचा हलला नाही. विजयी मुद्रेने त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

ताईने बोट उरलेल्या पेरावर चढवलं. तिचा हात गोरा, पिवळसर. बोट चांगलं सावळं, तांबूस झाक असलेलं. तिने भावजींचा हात ओढून शेजारी धरला. रंग हुबेहूब जुळला. पुतळ्यांची कातडी रंगवताना ते आपल्याच मनगटावर ठिपका देऊन बघतात, तसंच इथेही केलं होतं. बायको तर शेजारच्याच खोलीत होती.

“एकदा तरी माझा हात बघायचा होतात,” ताई म्हणाली. तिने बोट काढलं आणि उघडा हात त्यांच्यासमोर ठेवला. “आता बघा.”

भावजींनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. काच केव्हाच लख्ख झाली, तरी पुसतच राहिले.

ताई तशीच कामावर गेली. मालकाने नाक मुरडलं. पहिल्या गिऱ्हाइकाने कापड बरोबर मोजलंय ना, तेवढं बघितलं आणि घेऊन गेलं. संध्याकाळी ताईने चहा केला आणि भावजींचा कप त्यांनी न सांगताच खाली ठेवला.